पित्त उठलंय? आधी कॅलेंडर काढा!

अंगावर पुन्हा पुन्हा उठणाऱ्या गांधींचं मूळ शोधायला पुण्यातली एक भाची आणि वाटूरची तिची मामी अशा दोघी बसल्या. एकीला गुन्हेगार सापडला, दुसरीला नाही. पण बऱ्या दोघी झाल्या!

प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतोच. मीटिंग ऐन रंगात आलेली असते आणि हा गडी टेबलाखाली मनगट खाजवत असतो. मधेच शर्टाची बाही खाली ओढतो. विचारलं तर म्हणतो, "काही नाही रे, पित्त उठलंय." झालं! पुढची पाच मिनिटं प्रेझेंटेशन राहतं बाजूला आणि सल्ल्यांचा पाऊस पडतो. आमसुलाचं पाणी लाव, वांगं सोड, पोट साफ ठेव, माझ्या मावसभावाला एका वैद्यांनी पुडी दिली होती तिचा नंबर देतो...

२०२३च्या पावसाळ्यात हे सल्ले ऐकण्याची पाळी माझ्यावर आली. मी फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे माझं ऑफिस म्हणजे पुण्यातली भाड्याची खोली, एक लॅपटॉप आणि कायम डोक्यावर लटकणारी कुठली तरी डेडलाइन. जुलैमधल्या एका रात्री दंडावर चार लालसर गाठी उठल्या. वाटलं, डास असतील. तासाभरात त्या पाठीवर, पोटावर, मांड्यांवर पसरल्या. नकाशातल्या बेटांसारख्या, एकमेकींना चिकटत जाणाऱ्या. खाज अशी की झोपेचं खोबरं. आणि गंमत बघा, सकाळी डॉक्टरांना दाखवायला निघावं तर कातडी कोरी करकरीत! सांगणार काय आणि दाखवणार काय?

आठवड्यातून चार-पाच रात्री हेच. ऑगस्टमध्ये एका मुलाखतीच्या दिवशी वरचा ओठ इतका सुजला की मी आरशात स्वतःला ओळखेना. ते काम दुसऱ्या कुणाला तरी गेलं. फ्रीलान्सिंगमध्ये 'सिक लीव्ह' नावाचा प्रकार नसतो, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

सगळ्यांकडे उत्तर तयार

आईने फोनवरूनच माझं ताट छाटायला घेतलं. आधी वांगं गेलं, मग शेंगदाणे, मग दही, अंडी, टोमॅटो, लोणचं. "आंबट बंद कर म्हणजे बंद कर," ती म्हणाली आणि दुसऱ्याच दमात तिने आमसुलाचं सार प्यायला सांगितलं. आमसूल आंबट असतं, हे तिच्या लक्षात आणून द्यायची माझी हिंमत झाली नाही. तिची खरी काळजी वेगळी होती. "पुढच्या महिन्यात ते लोक बघायला येणार आहेत, तोवर जाऊ दे गं बाई," असं ती हळूच म्हणाली. सत्ताविसाव्या वर्षी मुलीच्या अंगावर काही उठलं की त्याची बातमी आधी स्थळांपर्यंत पोचते, हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे.

एका मैत्रिणीने दोनशे पदार्थांची ॲलर्जी तपासणारी टेस्ट सुचवली. दुसरीने 'डिटॉक्स' पावडर. तिसऱ्याने सरळ सांगितलं, "तुला टेन्शन आहे. विपश्यनेला जा." गंमत म्हणजे या सगळ्यांच्या सांगण्यात एक गोष्ट समान होती. कारण एकच असणार, ते खाण्यापिण्यात किंवा वागण्यातच असणार, आणि ते सापडलं की खेळ खलास!

या गुन्हेगाराच्या शोधातच मी दिवाळीला आजोळी गेले. आजोळ म्हणजे जालना जिल्ह्यातलं वाटूर.

मामीचं ताट

वाटूर परतूर तालुक्यात येतं. जालन्याहून मंठ्याकडे निघालं की वाटेत वाटूर फाटा लागतो. चहाच्या टपऱ्या, एसटीची वाट बघणारी माणसं आणि चहूबाजूंनी कापूस, तूर, सोयाबीन. दिवाळीच्या दिवसांत तिथे सगळीकडे वेचणीची गडबड असते. शहरात आपण बोनसचा हिशेब करतो, तिथे किलोच्या भावाने वेचलेल्या कापसाचा चालतो.

मामी मला बघून हसली आणि तिने लुगड्याचा पदर बाजूला सारून दंड पुढे केला. तस्साच नकाशा! "माय, तुला बी उठतंय का? मला तर लई वर्सं झाली. थंड वारं लागलं की उठतंच."

जेवायला बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मामीच्या ताटात फक्त भाकरी, पातळ वरण आणि मीठ आहे. आम्हा सगळ्यांना वांग्याचं भरीत होतं, शेंगदाण्याची चटणी होती, दही होतं. तिने यातलं काहीच घेतलं नाही. विचारलं तर यादी बाहेर आली. वांगं सात वर्षांपूर्वी सुटलं. मग शेंगदाणे. मग दही-ताक. मग अंडी, हरभऱ्याची डाळ, गवार, लिंबू. कुणी काही सांगितलं की एक पदार्थ कमी. आणि एवढं सगळं सोडूनही गांधी काही तिला सोडत नव्हत्या. दिवसभर शेतात वाकून काम करणाऱ्या बाईचं जेवण इतकं आटलं होतं की चक्कर येते म्हणून मध्यंतरी तिला रक्तवाढीच्या गोळ्या द्याव्या लागल्या होत्या.

खरं सांगते, तोवर मला माझ्या ओठाची आणि हुकलेल्या कामाची पडली होती. ते ताट बघितलं आणि प्रश्न एकदम मोठा झाला. खाज त्रासदायक आहेच. पण कारणाच्या शोधात माणूस काय काय गमावून बसतो, हे जास्त भयंकर आहे.

हे 'पित्त' म्हणजे नक्की काय?

पुण्यात परतल्यावर मी एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली आणि पत्रकाराच्या सवयीने वही उघडून बसले. जे कळलं ते थोडक्यात सांगते.

आपण मराठीत दोन वेगळ्या गोष्टींना 'पित्त'च म्हणतो. छातीत जळजळतं तेही पित्त आणि अंगावर उठतं तेही पित्त. त्यामुळे कितीतरी जण गांधी उठल्या की ॲसिडिटीची गोळी चघळतात. अंगावरच्या प्रकाराला डॉक्टर 'अर्टिकेरिया' म्हणतात. हा शब्द 'अर्टिका' या खाजऱ्या वनस्पतीच्या लॅटिन नावावरून आला. आयुर्वेदात शीतपित्त, उदर्द आणि कोठ अशी नावं आहेत. 'माधवनिदान' या जुन्या ग्रंथात यांचं वर्णन करताना वरटी, म्हणजे गांधीलमाशी, चावल्यावर येते तशी सूज असं म्हटलंय. मराठीतली 'गांधी' आणि 'गांधीलमाशी' शेजारी ठेवून बघा. निरीक्षण पक्कं होतं!

होतं काय, तर आपल्या त्वचेत 'मास्ट सेल' नावाच्या पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन नावाचं रसायन भरलेलं असतं. पेशी चेतवल्या गेल्या की ते बाहेर सांडतं. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपतं, गांध उठते आणि खाज सुटते. एक गांध साधारणपणे २४ तासांच्या आत मावळते, पण तोवर दुसरीकडे नवी उठते. त्वचेच्या खोल थरात हेच घडलं की ओठ, पापण्या सुजतात. माझ्या ओठाचं गणित हेच होतं. आणि सकाळी कातडी कोरी का, याचंही. यावर डॉक्टरांनी दिलेला पहिला सल्ला एकदम साधा होता: गांधी उठल्या की मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

हा आजार दुर्मीळ मुळीच नाही. आयुष्यात एकदा तरी गांधी उठणाऱ्यांचं प्रमाण पाचात एक इतकं मानलं जातं. सहा आठवड्यांच्या आत थांबला तर तो तात्पुरता. असा प्रकार बऱ्याचदा सर्दी-तापाच्या विषाणूमुळे, एखाद्या औषधाने किंवा खाण्यातल्या पदार्थाने होतो. सहा आठवड्यांच्या पुढे रेंगाळला तर 'क्रॉनिक'. पुरुषांच्या साधारण दुप्पट बायकांना होतो आणि वीस ते चाळीस या वयात जास्त दिसतो. म्हणजे बघा, हे पान वाचणारे बहुतेक सगळे!

आणि आता मुद्द्याची गोष्ट. क्रॉनिक प्रकारात बहुतेकदा बाहेरचा गुन्हेगार नसतोच. अनेकांच्या शरीरातली प्रतिकारशक्तीच स्वतःच्या मास्ट पेशींना चेतवत असते. थायरॉइडच्या काही विकारांत होतं तसंच. खाण्याची खरी ॲलर्जी ओळखायची खूणही डॉक्टरांनी सांगितली: तो पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत गांधी उठतात आणि दर वेळी उठतात. सोमवारी वांगं खाल्लं आणि बुधवारी रात्री पित्त उठलं, तर बिचारं वांगं निर्दोष आहे.

दोनशे पदार्थांच्या टेस्टबद्दल विचारलं तर डॉक्टर हसल्या. "रिपोर्टमध्ये वीस पदार्थ लाल येतील. तुम्ही ते रोज खाताय आणि काही होत नाहीये. मग त्या रिपोर्टचं करायचं काय?" त्यांनी रक्ताच्या मोजक्या तपासण्या लिहून दिल्या. साधं ब्लड काउंट, सूज दाखवणारी सीआरपी, थायरॉइडच्या अँटिबॉडीज आणि एकूण आयजीई. बास.

कालनिर्णयवरच्या फुल्या

त्या म्हणाल्या, "खरी टेस्ट तुम्हीच करायची आहे. रोज लिहायचं." जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ यासाठी एक साधी पद्धत वापरतात. दिवसभरात गांधी किती, याला ० ते ३ गुण आणि खाज किती, याला ० ते ३ गुण. दिवसाचे जास्तीत जास्त ६, आठवड्याचे ४२. शेजारी त्या दिवशी घेतलेली औषधं, पाळीची तारीख, ताप, प्रवास, दारू, व्यायाम जे काही असेल ते टिपायचं.

मी मोबाइलवर लिहायला लागले आणि मामीलाही फोन केला. ती म्हणाली, "मला कुठं लिहिता येतंय एवढं?" पण तिच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय होतंच. तिच्यात ती डेअरीला घातलेल्या दुधाचा आणि वेचलेल्या कापसाचा हिशेब अगदी चोख ठेवते. मग ठरलं. त्याच चौकोनात फुल्या मारायच्या. थोडं उठलं तर एक, बरंच उठलं तर दोन, झोप उडाली तर तीन. आणि गोळी, औषध काहीही घेतलं तर एक छोटा गोल. माझी मामेबहीण दर रविवारी त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायची.

पहिल्या दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट दिसायला लागलं. ज्या दिवशी कापसाचे किलो लिहिलेले, त्या दिवशी हमखास फुल्या. घरात लगेच निकाल लागला. मामा म्हणाला, कापसाची ॲलर्जी. शेजारच्या काकू म्हणाल्या, बांधावरचं गाजर गवत. मामी आपल्या मुद्द्याला चिकटून, सकाळचं थंड वारं.

तिन्ही अंदाज काही वेडेपणाचे नव्हते. गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, भारतात प्रथम लक्षात आलं ते १९५०च्या दशकात पुण्याच्या आसपास. आयात धान्यासोबत ते आल्याचं सांगतात. त्याने हजारो शेतकऱ्यांची कातडी खराब केलीय हे खरं आहे. पण त्याची ॲलर्जी वेगळी दिसते. चेहरा, मान, कोपराच्या घडीत कातडी लाल होते, मग कोरडी, जाड, काळपट पडते आणि आठवडेच्या आठवडे तशीच राहते. सकाळी गायब होणाऱ्या गांधी हे तिचं काम नव्हे. थंडीची ॲलर्जी मात्र खरंच असते. ती तपासायला हातावर पातळ प्लॅस्टिकमध्ये बर्फाचा तुकडा पाच मिनिटं ठेवतात. काढल्यावर दहा मिनिटांत तिथे गांध उठली तर संशय पक्का. ही परीक्षा डॉक्टरांसमोरच करायची. आणि ज्यांना हा प्रकार असेल त्यांनी थंडगार विहिरीत उडी मारणं जिवावर बेतू शकतं, हे गावाकडच्या पोहणाऱ्या पोरांना सांगायलाच हवं.

मी मात्र ते फोटो पुन्हा पुन्हा बघत होते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस मामी वेचणीला गेली होती, किलो लिहिलेले होते, पण फुली एकही नव्हती. कापूस तोच, बांध तोच, वारंही तेच. आणि कार्तिकी एकादशीला ती घरीच होती, शेताकडे फिरकलीसुद्धा नाही, तर चौकोनात तीन फुल्या! मग माझी नजर त्या छोट्या गोलांकडे गेली. वेचणीच्या प्रत्येक दिवशी गोल होता. त्या दोन कोऱ्या दिवशी नव्हता. एकादशीच्या चौकोनात होता.

मामीला फोन लावला. "मामी, हा गोल कसला गं?"

"अगं, ती अंगदुखीची गोळी. दिसभर वाकून कंबर धरती मग. रातच्याला घेते एक. मधी दोन दिस गोळ्या सरल्या व्हत्या. अन् एकादशीला उपासानं डोकं लई ठणकत व्हतं, म्हणून घेतली."

इतक्या वर्षांत तिने पित्तासाठी काय काय खाते हे सगळ्यांनी विचारलं होतं. अंगदुखीसाठी काय घेते हे कुणीच विचारलं नव्हतं. आणि गोळी म्हणजे 'खाणं' नव्हेच, त्यामुळे तिनेही कधी सांगितलं नाही.

जानेवारी २०२४मध्ये जालन्याच्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे मामीला नेलं. सोबत गोळीचं पाकीट आणि कालनिर्णयची दोन पानं. पाकिटावर डायक्लोफिनॅक होतं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या कुटुंबातल्या वेदनाशामकांनी काही रुग्णांच्या गांधी उठतात किंवा भडकतात, ही वैद्यकशास्त्राला चांगली माहीत असलेली गोष्ट आहे. बर्फाची परीक्षाही झाली, हातावर काही उठलं नाही. डॉक्टरांनी ते सगळं कुटुंब बंद करायला सांगितलं, दुखलंच तर त्यांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल, आणि काही आठवडे रोज एक ॲलर्जीची गोळी. फेब्रुवारीच्या पानावर पूर्ण महिन्यात दोनच फुल्या होत्या. मार्चमध्ये दाढ दुखली म्हणून कुणीतरी आयबुप्रोफेन दिली आणि त्याच रात्री तीन फुल्या! शंकेला जागाच उरली नाही. आता तिच्या मोबाइलच्या कव्हरमागे या तिन्ही औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी असते. कुठल्याही दवाखान्यात आधी ती पुढे करते.

गेरू, आमसूल, हळद: कोण कामाचं?

आता तुम्ही म्हणाल, घरगुती उपायांचं काय? मामीकडे ते भरपूर होते आणि मी प्रत्येकाबद्दल विचारून घेतलं.

गेरू. मामी पाण्यात कालवून अंगाला फासते. लगेच बरं वाटतं म्हणते आणि त्यात तथ्य आहे. गेरू म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची माती. मेडिकलमधलं गुलाबी कॅलामाइन लोशन माहीत असेल ना? ते असतं झिंक ऑक्साइड आणि गुलाबी रंग येतो तो किंचितशा लोहाच्या ऑक्साइडने. दोन्ही लेप वाळताना त्वचा थंड करतात. तेव्हा लावायला हरकत नाही. बाजारातला रंगाचा गेरू मधातून चाटायला देतात, ते मात्र नको.

आमसुलाचं पाणी. कोकणातला उपाय, पण आता सगळीकडे पोचलाय. खाज शमते ती मुख्यतः थंडाव्याने, ओल्या फडक्यानेही शमते. थंडीची ॲलर्जी नसेल आणि कातडी ओरबाडलेली नसेल तर खुशाल लावा.

घोंगडी. पित्त उठलं की घोंगडी पांघरायची पद्धत आपल्याकडे जुनी. पण लोकर घासली जाते आणि ऊब वाढते. ज्यांच्या कातडीवर नखाने रेघ ओढली तरी ती फुगून वर येते, त्यांना घोंगडीने त्रास वाढेल. कडकडीत पाण्याची आंघोळही तशीच. मऊ सुती कपडे आणि कोमट पाणी बरं.

हळद, आलं, गूळ. आल्याचा रस आणि जुना गूळ, किंवा भैषज्यरत्नावलीतला हरिद्राखंड वैद्य शीतपित्तावर देतात. स्वयंपाकातल्या प्रमाणात हळद-आलं कुणाला वाईट नाही. औषध म्हणून घ्यायचं तर शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्यांकडून, आणि आधीच्या डॉक्टरांना सांगून.

आणि 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हे समीकरण मनातून काढा. २००४मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, तर १४ उत्पादनांमध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद असो, पण स्वतःच्या मनाने महिनोन्महिने काढे पिणाऱ्यांनी निदान थांबून विचार करावा. नाव-गाव नसलेल्या पुडीने दोन दिवसांत जादूसारखा गुण आला, तर जास्तच सावध व्हा. अशा पुड्यांमध्ये गुपचूप स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार घडलेले आहेत.

आणि माझं काय झालं?

माझ्या नोंदींमध्ये मामीसारखा एकही गोल सापडला नाही. लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा खांद्यावर जिथे काचतो तिथे आणि जीन्सच्या कमरेशी गांधी जास्त उठायच्या. झोप कमी झालेल्या आठवड्यात गुण वाढायचे. पण पट्टा नसताना आणि भरपूर झोपल्यावरही त्या उठायच्याच. पट्टा आणि जागरण हे आगीत तेल ओतणारे, आग लावणारे नव्हेत. वांगं, दही, शेंगदाणे यांचा तर काडीचा संबंध दिसला नाही. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या आजाराला बाहेरचं कारण नाही. आणि औषध द्यायला कारण सापडावंच लागतं असं नाही."

हे वाक्य पचायला मला वेळ लागला. आपल्या पिढीला प्रत्येक गोष्टीचं उत्तर सर्च करून मिळण्याची सवय आहे. 'कारण नाही' हे उत्तर वाटतच नाही. पण त्या उत्तराने माझं ताट मला परत दिलं. आईला मी डॉक्टरांचा कागद फोटो काढून पाठवला आणि त्याच संध्याकाळी वांग्याची भाजी केली.

उपचार साधा होता. झोप कमी आणणारी, नव्या पिढीची अँटिहिस्टामिन गोळी रोज ठरलेल्या वेळी. खाज सुटल्यावर नव्हे, सुटण्याआधी. जुन्या पिढीतल्या गोळ्यांनी गुंगी येते आणि दुसऱ्या दिवशी टू-व्हीलर चालवणं धोक्याचं ठरतं. एका गोळीने भागेना तेव्हा डॉक्टरांनीच मात्रा वाढवली. गरज पडली तर ती चौपटीपर्यंत नेता येते, पण ती त्यांच्याच सल्ल्याने. तेवढ्यानेही ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी ओमॅलिझुमॅब नावाचं इंजेक्शन आहे, ते महाग आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही. आठ महिन्यांनी गोळ्या हळूहळू कमी केल्या. बहुतेकांचा हा आजार काही महिन्यांत ते काही वर्षांत आपोआप थांबतो, तसा माझाही थांबला. ते बघायला येणारे लोक आले, कांदेपोहे झाले, आणि मीच नाही म्हणाले. त्याचा पित्ताशी संबंध नव्हता!

२०२४च्या दिवाळीत मी पुन्हा वाटूरला होते. मामीच्या ताटात भरीत होतं, शेंगदाण्याची चटणी होती, वाटीत दही होतं. सात वर्षांनी खाल्लेलं भरीत कसं लागलं विचारलं, तर म्हणाली, "तिखट झालंय जरा." आणि तिने आणखी वाढून घेतलं.

हे कापून फ्रिजवर लावा

● गांधी उठल्या की फोटो काढा. रोजच्या नोंदीत खाण्यासोबत गोळ्याही लिहा. डोकेदुखीची, पाळीच्या दुखण्याची, जिमनंतरची, सगळ्या.

● घाम आल्यावर किंवा गरम पाण्याने आंघोळ केल्यावर बारीक टिपक्यांसारख्या गांधी उठत असतील तर तो वेगळा प्रकार असतो. डॉक्टरांना तसं सांगा. दारूनेही गांधी भडकू शकतात.

● एखादी गांध २४ तासांहून जास्त टिकते, दुखते किंवा काळानिळा डाग मागे ठेवते, सोबत ताप किंवा सांधेदुखी आहे? मग लवकर डॉक्टर गाठा.

● मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका आणि डॉक्टरांना न विचारता ताटातून पदार्थ वजा करू नका.

● जीभ किंवा घसा सुजला, श्वास लागला, आवाज बसला, भोवळ आली तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ला फोन करा, सरळ हॉस्पिटल गाठा. तिथे मांडीत दिलं जाणारं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं.